मिलार्डच्या नावाचा उंदीर आणि मिलार्डने ओळखलेली चिमणी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात सह्याद्रीतल्या जीवांवरच्या टिपणात कोंढाणा उंदीर आणि रानचिमणी यांचा शेजारी-शेजारी उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतला मोठा भाग एकाच गाठीभोवती फिरतो: प्राण्याचं वर्गीकरण आणि त्याची संवर्धन-स्थिती यांचा एकमेकांशी संबंध काय? म्हणून या वेळचं सदर त्या एकाच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत नववीच्या मुलांना ‘एक लहान सस्तन प्राणी आणि एक गाणारा पक्षी : वर्गीकरण आणि संवर्धन-स्थितीनुसार तुलना’ असा प्रकल्प दिला आहे. मुलं कोंढाणा उंदीर आणि रानचिमणी घेणार म्हणतात. ही जोडी चालेल का? तक्ता कसा मांडावा?
— एक शिक्षिका, भोर

जोडी चालेल, नव्हे, फार चांगली आहे. पण आधी तक्त्याचं बोलू, कारण चूक तिथेच होते. मुलं एकच लांबलचक तक्ता आखतात. सृष्टीपासून जातीपर्यंत सात ओळी भरतात आणि आठव्या ओळीत ‘संकटग्रस्त’ किंवा ‘निर्धोक’ लिहून मोकळी होतात, जणू संवर्धन-स्थिती ही वर्गीकरणाचीच पुढची पायरी आहे. तसं नाही. वर्गीकरण हे प्राण्याचं घराणं आहे आणि संवर्धन-स्थिती ही त्याची आजची तब्येत. आडनावावरून कुणाची तब्येत कळत नाही. म्हणून तक्ते दोन करा, आणि दोन वेगळ्या पानांवर करा.

पहिला तक्ता घराण्याचा. प्राणी सृष्टी आणि समपृष्ठरज्जू संघ इथपर्यंत दोघं एकत्र आहेत. वर्गापाशी वाटा फुटतात. उंदीर सस्तन वर्गात, कृंतक गणात, मुरिडे कुलात. त्याची प्रजाती, म्हणजे जातीच्या वरची पायरी, मिलार्डिया आणि जाती कोंडाना. रानचिमणी पक्षिवर्गात, पॅसेरिफॉर्मिस गणात, त्यातल्या पॅसेरी या उपगणात, पॅसेरिडे कुलात. तिची प्रजाती जिम्नोरिस आणि जाती झँथोकॉलिस. गणाच्या ओळीपाशी मुलांना जरा थांबवा. सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी साधारण चाळीस टक्के एकट्या कृंतक गणात आहेत, आणि पक्ष्यांच्या निम्म्याहून अधिक जाती पॅसेरिफॉर्मिस गणात. म्हणजे दोघंही आपापल्या वर्गातल्या सर्वांत मोठ्या घराण्यातले. तुलना बरोबरीची होते ती यामुळे.

दुसरा तक्ता तब्येतीचा. त्यात हे रकाने हवेत: श्रेणी, ती कुठल्या यादीतली, मूल्यमापनाचं साल, ती यादी जगाची की एका देशाची, कोणत्या निकषावर श्रेणी मिळाली, मुख्य धोके, आणि भारतीय कायद्यातली अनुसूची. ‘संकटग्रस्त’ एवढा एकच शब्द लिहिला तर गुण कापा. कुणी ठरवलं आणि कधी ठरवलं हे नसेल तर त्या शब्दाला वजन नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेची धोक्यातल्या जीवांची जागतिक ‘लाल यादी’ आहे; तिच्यात कोंढाणा उंदीर ‘संकटग्रस्त’ म्हणजे ईएन या श्रेणीत आहे. वावर फार थोड्या जागेत आणि त्या जागेची प्रत घसरती, हे त्याचं मुख्य कारण. रानचिमणी ‘निर्धोक’ म्हणजे एलसी या श्रेणीत आहे. तुर्कस्तानपासून भारतापर्यंत तिचा पसारा आहे.

आता जोडी चांगली का ते. मिलार्डिया हे नाव वॉल्टर सॅम्युएल मिलार्ड यांच्यावरून पडलं. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव होते. ऑल्डफिल्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९११ साली मऊ केसांच्या या उंदरांची वेगळी प्रजाती मांडली आणि तिला मिलार्ड यांचं नाव दिलं. त्याच्या काही वर्षं आधी, १९०८ च्या सुमारास, अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी घेऊन सोसायटीच्या कचेरीत गेला होता. चिमणी नेहमीचीच दिसत होती, पण गळ्यावर पिवळा डाग होता. मिलार्ड यांनी ती ओळखून दिली, खण उघडून भुसा भरलेले इतर पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली, आणि ती चिमणी म्हणजे ही आपली रानचिमणी. एकाच माणसाच्या नावाशी बांधलेले हे दोन जीव आज लाल यादीच्या दोन टोकांना आहेत. मुलांना यापेक्षा पक्की आठवण राहील अशी जोडी सुचत नाही.

वेळ असेल तर तिसरा प्राणीही घ्या: मिलार्डिया मेल्टाडा, मऊ केसांचा शेतउंदीर. कोंढाणा उंदराचा हा सख्खा भाऊबंद, एकाच प्रजातीतला. भारतभर शेतांतून आढळतो, पिकांचं नुकसान करतो आणि लाल यादीत निर्धोक आहे. म्हणजे सहा पायऱ्या अगदी सारख्या, सातवी तेवढी वेगळी, आणि तब्येत पार उलटी. घराणं आणि तब्येत वेगळ्या गोष्टी आहेत हे शंभर वाक्यांत सांगण्यापेक्षा हे दोन उंदीर शेजारी ठेवा.

प्रश्न : पुस्तकात ‘जाती’ आणि वर्तमानपत्रात ‘प्रजाती’, नक्की बरोबर काय?
— एक वाचक, कराड

मराठी पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेत जाती ही सर्वांत खालची पायरी आणि प्रजाती तिच्या वरची. बातम्यांत मात्र हिंदीच्या वळणाने ‘प्रजाती’ हा शब्द जातीसाठी वापरला जातो. त्यामुळे ‘उंदराची दुर्मीळ प्रजाती’ असं छापून आलं की वाचणारा मिलार्डिया ही अख्खी प्रजातीच धोक्यात आहे असं धरून चालतो, आणि तिच्यातला शेतउंदीर तर पिकं कुरतडत असतो! लाल यादीतली श्रेणी मुख्यतः जातीला मिळते. कधी उपजातीलाही मिळते. प्रजातीला किंवा कुलाला ती नसते. म्हणून ‘उंदीर निर्धोक आहेत’ किंवा ‘चिमण्या धोक्यात आहेत’ या वाक्यांना काही अर्थ नाही. कुठला उंदीर, कुठली चिमणी?

आणखी एक बारीक गोष्ट, जी मुलं हमखास चुकतात. शास्त्रीय नावापुढे ज्याने जातीचं वर्णन केलं त्याचं नाव आणि साल येतं. कोंढाणा उंदरापुढे ‘मिश्रा आणि धांडा, १९७५’ असं कंसाशिवाय लिहितात. रानचिमणीपुढे ‘(बर्टन, १८३८)’ असं कंसात लिहितात, आणि शेतउंदरापुढे ‘(ग्रे, १८३७)’. कंस आहे याचा अर्थ, मूळ वर्णन केलं तेव्हा ती जाती दुसऱ्या प्रजातीत टाकली होती, नंतर हलवली. कंस नाही याचा अर्थ, पहिल्या दिवसापासून ती आहे तिथेच आहे. शोभेसाठी कंस घालू नयेत आणि काढूही नयेत. वहीत शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहिताना पहिलं अक्षर तेवढं मोठं, जातीचं नाव लहान अक्षरांत, आणि खाली रेघ.

प्रश्न : गाणारा पक्षी म्हणून माझ्या मुलाने कोकीळ लिहिला, तर बाईंनी चूक दिली. कोकीळ गात नाही तर कोण गातं?
— एक पालक, सांगली

कान म्हणतात ते खरं, पण वर्गीकरणात ‘गाणारे पक्षी’ हे एका उपगणाचं नाव आहे, कौतुकाचं विशेषण नाही. श्वासनलिका छातीत जिथे दुभंगते तिथे पक्ष्यांचा स्वरयंत्राचा अवयव असतो. तो हलवणारे स्नायू ज्या घराण्यात फार विकसित झाले आणि ज्यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात, ते पॅसेरी या उपगणातले पक्षी. कोकीळ त्या गणातच नाही. त्याचा गण वेगळा, कुकुलिफॉर्मिस. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, कावळ्याचंच ऐकतं आणि तरी ‘कुहू’च करतं. कारण ते बोलणं शिकलेलं नाही, जन्मजात आहे.

उलट कावळा हा अस्सल गाणाऱ्या पक्ष्यांतला आहे. हे पचायला जड जातं, पण खरं आहे. दयाळ, बुलबुल, साळुंकी, शिंपी, सुगरण, मुनिया, चिमणी हे सगळे त्याच उपगणातले. पोपट नाही, तांबट नाही, धनेश नाही. पावसाळ्याच्या तोंडावर रानात दोन सुरांची गोड शीळ घालणारा नवरंग घ्या. तो पॅसेरिफॉर्मिस गणातला आहे, तरी गाणाऱ्यांच्या उपगणात बसत नाही. त्याच गणाच्या दुसऱ्या फांदीवर बसतो. बाईंनी चूक दिली ती योग्य दिली. पण कारणही सांगायला हवं होतं.

प्रश्न : लहान सस्तन प्राणी म्हणून चिचुंद्री आणि ससा घेतले तर ते उंदराच्याच गणात येतील ना?
— इयत्ता आठवीतला विद्यार्थी, लातूर

नाही, दोन्ही नाही. ‘लहान सस्तन प्राणी’ ही अभ्यासकांची सोयीची मोट आहे, वर्गीकरणाची पायरी नव्हे. दात बघा. उंदीर, घूस, खार, साळिंदर यांना वरच्या जबड्यात पुढे दोन आणि खाली दोन पटाशीचे दात असतात. पुढच्या बाजूला बहुधा पिवळट-नारिंगी, जन्मभर वाढणारे. त्यांच्या मागे मोठी फट आणि मग दाढा, सुळे नाहीतच. हे कृंतक. घरउंदराचे सगळे दात मोजले तर सोळा भरतात. सशाला वरच्या मोठ्या दोन दातांमागे आणखी दोन बारके दात लपलेले असतात, म्हणून त्याचा गण वेगळा. चिचुंद्रीच्या तोंडात फट नसते. टोकदार दातांची सलग रांग असते, कारण ती किडे खाते. तिचं नातं उंदरापेक्षा जाहक म्हणजे काटेचुव्याशी जवळचं.

प्रश्न : एखादा प्राणी ‘संकटग्रस्त’ की ‘असुरक्षित’ हे कोण, कशावरून ठरवतं? उंदराला आणि चिमणीला एकच मोजपट्टी लावणं न्यायाचं आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

मोजपट्टी एकच आहे आणि ती हेतुपुरस्सर एक ठेवली आहे. लाल यादी १९६४ पासूनची. आजचे निकष २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतले. नऊ श्रेणी आहेत: नामशेष, वन्य स्थितीत नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटसमीप, निर्धोक, अपुरी माहिती आणि अमूल्यांकित. धोक्यातल्या म्हणून धरतात त्या मधल्या तीनच: सीआर (अतिसंकटग्रस्त), ईएन (संकटग्रस्त), व्हीयू (असुरक्षित). मराठीत या तिन्हींसाठी ‘दुर्मीळ’, ‘धोक्यात’, ‘नष्टप्राय’ असे शब्द मनाला येतील तसे वापरले जातात, म्हणून सोबत ही दोन अक्षरं लिहायची सवय लावून घ्या.

निकष पाच, ए ते ई. त्यांतला कुठलाही एक पुरा झाला तरी श्रेणी मिळते. उंदीर-चिमणीच्या तुलनेला पहिले दोन कामाचे.

ए निकष घट मोजतो. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांतला जो काळ मोठा तेवढ्यात, संख्या किती घटली? साधारणपणे तीस टक्के घटली तर व्हीयू, पन्नास टक्के तर ईएन, ऐंशी टक्के तर सीआर. इथे पिढी म्हणजे पिल्लं देणाऱ्या आई-बापांचं सरासरी वय. हत्तीच्या तीन पिढ्या म्हणजे अनेक दशकं. उंदराच्या तीन पिढ्या दहा वर्षांत कितीदा तरी होऊन जातात, त्यामुळे त्याला दहा वर्षांचीच खिडकी लागते; चिमणीचीही खिडकी त्याच सुमाराची. म्हणून या दोघांची तुलना हत्ती-चिमणीपेक्षा कितीतरी सरळ होते.

बी निकष जागा मोजतो, आणि कोंढाणा उंदरासारख्यांचं भवितव्य इथे ठरतं. दोन मापं आहेत. एक, सगळ्या नोंदींना बाहेरून दोरी लावली तर किती क्षेत्र येतं: ५००० चौरस किलोमीटरच्या आत ईएन, १०० च्या आत सीआर. दुसरं, प्रत्यक्ष वावर किती. त्यासाठी नकाशावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरची चौकट टाकतात आणि प्राणी सापडलेले चौकोन मोजतात; एक चौकोन म्हणजे ४ चौरस किलोमीटर. हे क्षेत्र ५०० च्या आत असेल तर ईएन. पण इथे बहुतेक जण घसरतात: क्षेत्र लहान आहे एवढ्यावर श्रेणी मिळत नाही. तीनपैकी दोन अटी सोबत हव्यात: ठिकाणं मोजकी किंवा तुटक, घट चालू असलेली, किंवा संख्येत टोकाचे चढउतार. एखादा जीव एकाच गडावर राहत असेल, पण तो गड जसाच्या तसा सुरक्षित असेल, तर बी निकष लागू होत नाही. कोंढाणा उंदराच्या बाबतीत तो लागतो, कारण त्याच्या रानाची प्रत उतरते आहे: चराई, झुडपांची तोड, आणि गडावरची वाढती वर्दळ.

न्यायाचा मुद्दा मात्र तुम्ही बरोबर पकडला आहे. मोजपट्टी एक असली तरी मोजायची सोय सारखी नाही. पक्षी दिवसा दिसतो आणि ओरडतो. हजारो हौशी माणसं आपल्या नोंदी करतात, त्या जमून कल कळतो. उंदीर रात्रीचा, बिळातला. त्यासाठी जिवंत पकडणारे पिंजरे लावावे लागतात. पन्नास पिंजरे चार रात्री लावले तर दोनशे ‘पिंजरा-रात्री’ झाल्या, असा हिशेब करतात आणि दर शंभर पिंजरा-रात्रींमागे किती सापडले ते लिहितात. याचा परिणाम यादीतच दिसतो. सस्तन प्राण्यांत साधारण दर सात जातींमागे एक ‘अपुरी माहिती’ या श्रेणीत पडून आहे. पक्ष्यांत शंभरातली एकसुद्धा नाही. ‘अपुरी माहिती’ ही सुटकेची श्रेणी नव्हे. कित्येकदा तीच सर्वांत काळजीची असते, कारण तिथे कुणी बघायलाच गेलेलं नसतं.

वर्गीकरण बदललं की श्रेणी बदलते का, असंही तुम्ही पुढे विचारलं आहे. नुसती प्रजाती बदलली तर नाही. निलगिरीतल्या शोलाकिलीला २०१७ मध्ये ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती मिळाली. पक्षी तोच, रान तेवढंच, संकट तेवढंच. पण एका जातीच्या दोन जाती झाल्या तर दोघींच्या वाट्याला रान कमी येतं, आणि मग दोघींचं मूल्यमापन नव्याने करावं लागतं. म्हणून श्रेणी लिहिताना कुठल्या नावाखालच्या जातीची ती आहे हे बघूनच लिहा. रानचिमणी जुन्या पुस्तकांत ‘पेट्रोनिया’ या प्रजातीत सापडेल. पक्षी बदललेला नाही.

प्रश्न : लाल यादीत संकटग्रस्त म्हणजे कायद्याने संरक्षित, असं समजायचं ना?
— एक वकील वाचक, कोल्हापूर

नाही. लाल यादी हा शास्त्रीय अंदाज आहे. तिला भारतात कायद्याचं बळ नाही. कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्याच्या अनुसूची. दोन्हींचा मेळ बसतोच असं नाही. मोर लाल यादीत निर्धोक आहे आणि कायद्यात पहिल्या अनुसूचीत.

उंदरांच्या बाबतीत तर विसंगती फार वर्षं टिकली. मूळ कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, कावळा आणि फळं खाणारी वटवाघळं यांच्यासोबत ‘उंदीर’ सरसकट घातले होते. कुठली जाती हे लिहिलंच नव्हतं. धान्याच्या कोठारातला घरउंदीर आणि जगात दुसरीकडे क्वचितच मिळेल असा गडावरचा उंदीर एकाच शब्दात गुंडाळले गेले. वर्गीकरणाकडे दुर्लक्ष केल्याने संरक्षण कसं हुकतं याचं याहून ठळक उदाहरण मिळणार नाही. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूची चारच ठेवल्या: पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या जीवांची. उपद्रवी प्राण्यांची अनुसूची गेली. आता केंद्र सरकारला तशी गरज वाटली तर ठरावीक भागासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी अधिसूचना काढावी लागते. नव्या अनुसूचींत नोंदी बऱ्याच ठिकाणी जातीच्या शास्त्रीय नावाने आहेत. तेव्हा जुन्या पुस्तकातला अनुसूचीचा आकडा तक्त्यात उतरवू नका. २०२२ नंतरचीच यादी उघडा आणि शास्त्रीय नावाने शोधा.

प्रश्न : इथे मस्कतला उन्हाळ्यात गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी दिसते. ती आपलीच रानचिमणी का?
— एक वाचक, ओमान

तीच जाती. ओमानचा उत्तर भाग आणि अमिरातींत ती वीण करायला उन्हाळ्यात येते. नराच्या खांद्यावर तांबूस-तपकिरी पट्टा, पंखावर दोन पांढऱ्या रेघा, गळ्यावर पिवळा डाग, आणि पाठीवर घरच्या चिमणीसारख्या काळ्या रेघा नाहीत. मादी फिकट, तिचा पिवळा डाग अस्पष्ट किंवा नसतोच. झाडाच्या ढोलीत घरटं करते. आपल्याकडे फुलांतला मध खाताना तिच्या कपाळावर परागाची पिवळी पूड लागते. ती पाहून वेगळीच जाती आहे असा गैरसमज होतो.

तिकडच्या आणि इकडच्या झाडांबाबत एकच सल्ला: वठलेली फांदी आणि जुनी ढोली दिसली की लगेच तोडू नका. रस्त्यावर किंवा घरावर पडण्याचा धोका असेल तेवढीच काढा.

प्रश्न : चिमण्या दिसेनाशा झाल्या, तरी घरची चिमणी ‘निर्धोक’ कशी?
— एक वाचक, दादर, मुंबई

कारण तुम्ही दादरचं बोलता आणि यादी जगाचं बोलते. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात घरच्या चिमणीची संख्या देशभरात एकूण स्थिर दिसली, पण मुंबईसह मोठ्या महानगरांत घटलेली. दोन्ही खरं. ब्रिटनमध्ये तर ती त्यांच्या राष्ट्रीय यादीत लाल गटात आहे, जागतिक यादीत निर्धोक असूनही. म्हणूनच वरच्या तक्त्यात ‘जगाची की देशाची’ हा रकाना सांगितला. निर्धोक म्हणजे सगळीकडे मुबलक, असं कुणीही म्हटलेलं नाही.

घरटं-पेटी लावणार असाल तर भोक ३२ ते ३५ मिलिमीटरचं ठेवा. मोठं केलं तर साळुंकी शिरते. भोकाखाली बसायची काडी लावू नका. त्यावर टेकून कावळा पिल्लं ओढतो. अडीच-तीन मीटर उंची, पश्चिमेचं ऊन चुकवून, तळाला पाणी निथळायला चार बारीक छिद्रं. आणि आजूबाजूला गवताचं बी आणि किडे मिळतील अशी जागा नसेल तर पेटी रिकामीच राहील, कारण पिल्लांना पहिले दिवस किडेच भरवतात.

प्रश्न : सिंहगडावर संध्याकाळी टपऱ्यांमागे उंदीर दिसला, मोबाइलवर फोटो काढला. तो कोंढाणा उंदीर आहे का, आणि असेल तर काय करायचं?
— एक गिर्यारोहक, पुणे

टपरीमागे, खरकट्याजवळ दिसला तर बहुतेक घरउंदीर असणार. त्याची शेपूट डोकं-धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा स्पष्ट लांब असते, कान मोठे आणि पातळ. कोंढाणा उंदीर झुडपांच्या मुळांशी, खडकाळ उतारावर, बिळांत राहतो आणि रात्री बाहेर पडतो. मिलार्डियातल्या जाती एकमेकींपासून ओळखायच्या तर मापं, मागच्या पायाच्या तळव्याच्या गाद्या, दात आणि कवटी बघावी लागते. एका फोटोवरून जातीचं नाव छातीठोकपणे लिहू नका. ‘मिलार्डिया असावा’ इतकंच लिहिणं प्रामाणिक. फोटो घेतलाच तर संपूर्ण शेपूट आणि मागचा पाय दिसेल असा, जमलं तर बाजूला मापासाठी एखादं नाणं पडलेलं असेल असा. हात लावू नका, लेप्टोची भीती खरी आहे. पिंजरा लावायचा असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी.

करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. पिठलं-भाकरीचं उरलेलं आणि कणसांचे बुरखुंडे उतारावर टाकू नका. खरकट्यावर घरउंदीर वाढतात, त्यांच्यामागे मांजरं-कुत्री येतात, आणि शेवटी टपरीवाले वैतागून विषाच्या गोळ्या टाकतात. झिंक फॉस्फाइडला घरउंदीर कुठला आणि कोंढाणा उंदीर कुठला हे कळत नाही. टपरीवाल्यांशी बोलायचंच असेल तर हे बोला: विषाऐवजी झाकणाचे डबे आणि टपरीच्या आतच लावलेले पिंजरे. पायवाट सोडून झुडपांतून आडवाटा पाडू नका, बिळं त्याच उतारांवर असतात. गवत पेटवलेलं दिसलं तर वनविभागाला लगेच कळवा. सह्याद्रीच्या अशाच उंच गवताच्या उतारांवर पावसाळ्यात रुंद शेपटीचा गवतपक्षी वीण करतो. तोही गाणाऱ्या पक्ष्यांतलाच, लाल यादीत असुरक्षित. भोरच्या मुलांना पुढच्या वर्षी दुसरी जोडी हवी असेल तर कोंढाणा उंदरासमोर हा पक्षी घ्यावा: घराणी वेगळी, संकट मात्र एकाच उतारावरचं.